बुद्धी आहे, पण वाचन अडते : एका उपेक्षित बालकवर्गाची तपासणी

प्राथमिक शाळेच्या तिसरी-चौथीच्या वर्गात असे एखादे मूल बहुधा असतेच. गुरुजींनी गोष्ट सांगावयास प्रारंभ केला की तिचा शेवट त्याला आधीच उमगलेला असतो. बाजारहाटाचा तोंडी हिशेब ते इतरांची पाटी भरण्यापूर्वी सांगून मोकळे होते. बिघडलेली सायकल, बंद पडलेला रेडिओ किंवा घरातील मागाचा अडकलेला धोटा यांचे मर्म त्याला चटकन कळते. मात्र त्याच मुलाला उभे करून धडा वाचावयास सांगितले तर दोन ओळींतच त्याची दमछाक होते. त्याची वही पाहावी तर अक्षरे ओळीखाली उतरलेली, काना-मात्रा गळालेल्या, जोडाक्षरे मोडलेली. वर्षअखेरीस प्रगतिपत्रकावर शेरा पडतो : ‘हुशार आहे, पण आळशी आहे. लक्ष देत नाही.’

हा शेरा लिहिणाऱ्या शिक्षकाचा हेतू वाईट नसतो. त्याला जे दिसते तेच तो लिहितो. परंतु एका वाक्यात दोन परस्परविरोधी गोष्टी आल्या आहेत व त्या विरोधाचा उलगडा ‘आळशी’ या शब्दाने होत नाही, हे ध्यानात घेतले जात नाही. असाधारण बुद्धिमत्ता व विशिष्ट अध्ययन अक्षमता या दोन्ही गोष्टी एकाच बालकाच्या ठायी असू शकतात. अशा बालकांची तपासणी कशी करून घ्यावी, तीत कोणत्या अडचणी येतात व शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनी त्या कामी काय करावयाचे, याचा विचार सोलापूर जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून येथे केला आहे.

जुने निरीक्षण

ही कल्पना नवी नव्हे. १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, गणितात बरा, आकडे भराभर वाचणारा. पण छापील शब्द त्याला वाचता येत नसत आणि स्वतःचे नाव लिहितानाही त्याच्याकडून अक्षरांची अदलाबदल होई. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदविले आहे. वाचनाक्षमतेची वैद्यकीय वाङ्मयातील ही एक आरंभीची नोंद होय. आणि ती मंद बालकाची नसून तल्लख बालकाची आहे, ही गोष्ट नंतरच्या काळात काहीशी विस्मरणात गेली. ‘अध्ययन अक्षमता’ हा शब्दप्रयोग अमेरिकेत सॅम्युअल कर्क यांनी १९६३ साली रूढ केला, तेव्हापासून या विषयाला शैक्षणिक धोरणात स्थान मिळू लागले.

महाराष्ट्राने या बाबतीत इतर राज्यांच्या आधी पाऊल टाकले. दहावी व बारावीच्या परीक्षांत अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना सवलती देण्याचा निर्णय राज्य शासनाने १९९६ साली घेतला. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. २००७ च्या डिसेंबरात प्रदर्शित झालेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा विषय घरोघरी नेला; त्यातील शाळेचे चित्रीकरण आपल्याच पाचगणीस झाले होते. चित्रपटातील मुलगा चित्रकलेत असामान्य दाखविला आहे. त्यामुळे लोकांच्या मनात एक उलटा समजही रुजला, तो म्हणजे वाचता न येणारे प्रत्येक मूल कोठेतरी अलौकिक असतेच. तसे नाही. अध्ययन अक्षमता सामान्य बुद्धीच्या मुलांत असते, तशीच ती तीव्र बुद्धीच्या मुलांतही असते, एवढेच शास्त्र सांगते.

एकमेकांस झाकणाऱ्या दोन गोष्टी

या बालकांची ओळख पटण्यास विलंब का लागतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. तल्लख मूल आपली उणीव बुद्धीच्या बळावर भरून काढते. त्याला शब्द वाचता आला नाही तरी चित्र पाहून, मागचापुढचा संदर्भ जुळवून ते अंदाज बांधते. कविता एकदा ऐकून ती पाठ करते आणि पुस्तक समोर धरून ‘वाचून’ दाखविते. दुसरीपर्यंत कोणाला शंकाही येत नाही. पुढे धडे लांबतात, परिसर अभ्यासाची पुस्तके येतात, प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहावी लागतात, तेव्हा अंदाजाची पुंजी संपते. तोवर मूल चौथी-पाचवीत पोहोचलेले असते.

काही मुलांची बुद्धी दिसते व अडचण झाकली जाते. काहींची अडचण दिसते व बुद्धी कोणाच्या ध्यानातच येत नाही; त्यांची रवानगी मागच्या बाकावर होते. परंतु सर्वांत अवघड प्रकार तिसराच. त्यात दोन्ही गोष्टी एकमेकींस इतक्या बेमालूम झाकतात की, मूल सर्वसाधारण दिसते, गुण पन्नास-पंचावन्न टक्के पडतात व तक्रारीस जागा राहत नाही. अशा मुलांविषयी पालक कोणाकडे जात नाहीत आणि शिक्षकही कोणाकडे पाठवीत नाहीत. दहा-अकराव्या वर्षी मूल शाळेत जावयास कुरकुरू लागते, पोट दुखते म्हणते, वर्गात विदूषकी चाळे करू लागते, तेव्हा प्रश्न ‘वर्तणुकीचा’ म्हणून पुढे येतो.

शिष्यवृत्ती परीक्षा व नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा या ग्रामीण भागात बुद्धिमत्ता हेरण्याच्या प्रमुख वाटा होत. या दोन्ही परीक्षा छापील प्रश्नपत्रिकेच्या व ठराविक वेळाच्या आहेत. ज्याला प्रश्न वाचावयासच दुप्पट वेळ लागतो ते मूल तेथे मागे पडणारच.

कायद्याची चौकट

१९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक अधिनियमात अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला व त्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट झाली. या अधिनियमाच्या कलम १६ नुसार, शासनाच्या अर्थसहाय्यावर चालणाऱ्या किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी बालकांतील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर शोधून तीवर योग्य अध्यापनात्मक उपाय योजावयाचे आहेत. शाळेत जाणाऱ्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करण्याची तरतूद कलम १७ मध्ये आहे.

येथे एका भेदाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. कलम ३१ मधील मोफत शिक्षणाचा हक्क ‘लक्षणीय दिव्यांगत्व’, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व, असलेल्या मुलांसाठी आहे. कलम १६ मधील शाळेच्या कर्तव्यास मात्र अशी टक्केवारीची अट घातलेली नाही. सबब, ‘प्रमाणपत्र आणा, मग पाहू’ हे शाळेने द्यावयाचे उत्तर नव्हे. प्रमाणपत्र परीक्षेतील सवलतींसाठी व शासकीय योजनांच्या लाभासाठी लागते. वर्गात त्या मुलाला प्रश्न वाचून दाखविण्यासाठी ते लागत नाही.

अधिनियमाखालील मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली व मार्च २०२४ मध्ये ती सुधारली. २०१८ च्या तत्त्वांनी जी वाट आखली ती अशी : इयत्ता तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, शिक्षकाने प्राथमिक चाचपणी करावयाची, शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली चाचपणी समिती असावयाची, शंका आल्यास मुलास पुढे पाठवावयाचे, बालरोगतज्ज्ञाने दृष्टी व श्रवण यांसह तपासणी करावयाची, मानसशास्त्रज्ञाने बुद्धिमापन करावयाचे आणि बुद्ध्यंक ८५ च्या वर असल्यास अध्ययन अक्षमतेची विशिष्ट कसोटी घ्यावयाची. प्रमाणपत्र आठ वर्षांखालील मुलास दिले जात नाही. पुढे १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होऊन अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी राहते.

असाधारण बुद्धीच्या बालकांसाठी मात्र असा कोणताही अधिनियम नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांना उत्तेजन देण्याचा उल्लेख एके ठिकाणी येतो व अध्ययन अक्षम बालकांचा दुसऱ्या ठिकाणी. ज्या मुलात दोन्ही एकत्र आहेत ते या दोन परिच्छेदांच्या मधल्या जागेत राहते. महाराष्ट्रात प्रज्ञावंतांच्या शिक्षणाचा पद्धतशीर प्रयत्न पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने केला व तिचे कार्य सोलापुरातही पोहोचले. बुद्धीचे अनेक पैलू स्वतंत्रपणे मोजावेत, एकाच अंकावर विसंबू नये, हा त्या संस्थेच्या मानसशास्त्र विभागाचा आग्रह. आपल्या विषयास तो फार उपकारक आहे.

आपली लिपी, आपले अंक

वाचनाक्षमतेवरील बहुतेक वाङ्मय इंग्रजीच्या अनुभवावर उभे आहे. मराठी वाचणाऱ्या मुलाची अडचण त्याहून निराळ्या रीतीने प्रकट होते व ती शिक्षकाने ओळखावयास हवी. देवनागरीत चिन्ह व उच्चार यांचा मेळ बराच पक्का आहे. त्यामुळे मराठी माध्यमातील वाचनाक्षम मूल उशिरा का होईना, बरोबर वाचू लागते. पण सावकाश वाचते. त्याची चूक मोजून काही हाती लागत नाही, वेळ मोजावा लागतो. ‘वाचता येते’ एवढ्या शेऱ्यावर ते चाचपणीतून सुटून जाते आणि पाचवी-सहावीत इंग्रजीचे अवघड स्पेलिंग समोर आले म्हणजे त्याची धडगत राहत नाही. शिक्षक म्हणतात, ‘इंग्रजी कच्चे आहे.’ वास्तविक इंग्रजीने केवळ जुनी अडचण उघडी पाडलेली असते.

लिपीची स्वतःची काही वळणेही आहेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, प आणि ष यांत फरक एखाद्या गाठीचा वा रेघेचा असतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार नंतर होतो. काने, मात्रा, उकार अक्षराच्या चारी अंगांना बसतात. एकट्या ‘र’चीच रूपे पाहावीत : सूर्य, दऱ्या, चक्र, राष्ट्र. नजरेने आकार टिपण्यात व त्याचा क्रम लावण्यात ज्या मुलाला अडचण आहे, त्याला हे सारे एकदम हाताळावे लागते. पहिली-दुसरीच्या मुलांकडून या चुका होतातच, त्यात काळजीचे काही नाही. चौथीच्या मध्यालाही त्याच चुका त्याच प्रमाणात राहिल्या, तर मात्र दखल घ्यावयास हवी.

अंकांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. ३ आणि ६ हे आपले अंक एकमेकांकडे पाठ फिरवून उभे आहेत. ‘छत्तीसचा आकडा’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. मुलाने छत्तीस ऐकले व त्रेसष्ट लिहिले तर त्याला हसण्यात अर्थ नाही. मराठीत संख्या बोलताना एकक आधी व दशक नंतर येते. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र दोन आधी लिहावा लागतो. एकोणपन्नास म्हणताना पन्नासाचा उच्चार होतो आणि लिहावयाचे ४९. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशीही वाचनपद्धती देण्यात आली, तेव्हा राज्यभर वाद माजला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांनी व उलट क्रमाने मुलांची होणारी कुचंबणा त्या वेळी समजावून सांगितली होती. भाषेच्या सौंदर्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु ज्या मुलासाठी ती सोय होती, ते मूल त्या वादात कोणाला फारसे दिसले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुलाला गणित येत नाही की संख्या लिहिता येत नाही, हे ठरविण्याचा उपाय सोपा आहे. तेच उदाहरण तोंडी घालावे. उत्तर बरोबर आले तर दोष गणिताचा नव्हे.

सोलापूरचा भाषिक पेच

सोलापूर जिल्ह्यात हा विषय आणखी गुंतागुंतीचा होतो. शहराच्या पूर्व भागातील विणकर समाजाच्या घरांत तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर व मंगळवेढा तालुक्यांच्या सीमेकडील गावांत कन्नड ही घरची भाषा आहे. उर्दू बोलणारी वस्ती मोठी आहे. शहरात मराठीखेरीज उर्दू, कन्नड व तेलुगू माध्यमांच्या शाळाही चालत आल्या आहेत. एकाच गल्लीत चार भाषा ऐकू येणाऱ्या या शहरात, घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी व पुस्तकात इंग्रजी अशी स्थिती असलेले मूल अडखळले तर त्याचे कारण कोणते समजावयाचे ?

येथे दोन प्रकारच्या चुका संभवतात. मुलाला केवळ शाळेची भाषा अपरिचित आहे व त्याच्यावर अक्षमतेचा शिक्का बसला, ही एक. मुलाला खरोखर अध्ययन अक्षमता आहे, परंतु ‘घरी तेलुगू बोलतात, म्हणून मराठी कच्चे’ असे म्हणून तीन वर्षे वाट पाहिली गेली, ही दुसरी. दुसऱ्या चुकीची किंमत अधिक असते, कारण गेलेली वर्षे परत येत नाहीत. दोहोंतून वाट काढावयाची तर मुलाची बोली परीक्षा त्याच्या घरच्या भाषेत व्हावी. त्या भाषेत ते गोष्ट नीट सांगते काय, यमक ओळखते काय, शब्दातील पहिला ध्वनी वगळून उरलेला उच्चारू शकते काय, हे आजी किंवा थोरली बहीण यांच्या मदतीनेही पाहता येते. परक्या भाषेची अडचण सराव वाढला की ओसरते. ध्वनी सुटे करण्याची अडचण मुलाच्या प्रत्येक भाषेत त्याच्यासोबत राहते.

बुद्धिमापनासही हे लागू आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोटीचे कन्नड व मराठी मुलांसाठी रूपांतर केले. नागपूर येथे डॉ. आर्थर मॅलिन यांनी वेक्सलर यांच्या कसोटीचे भारतीय रूप सिद्ध केले व ते १९६९ साली प्रसिद्ध झाले. शासकीय मार्गदर्शक तत्त्वांत उल्लेखिलेली कसोटी ती हीच. अध्ययन अक्षमतेसाठी बंगळूर येथील निम्हान्स संस्थेची कसोटी वापरली जाते. तिची मूळ रचना मुख्यत्वे इंग्रजी वाचन-लेखनाभोवती झालेली आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली ‘डाली’ हा संच उपलब्ध केला. तो हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत असून पहिली-दुसरी व तिसरी ते पाचवी यांसाठी शिक्षकांनी भरावयाची निराळी चाचपणीपत्रके त्यात आहेत. सोलापूरच्या चार भाषांपैकी मराठी व कन्नड यांची सोय त्यात झाली. तेलुगू व उर्दू घरांतील मुलांच्या बाबतीत मात्र तपासणाऱ्याच्या विवेकावर अधिक भिस्त ठेवावी लागते.

भाषेखेरीज आणखी एक कारण आधी बाजूस सारावे लागते, ते म्हणजे शाळाच न मिळणे. ऊसतोडणीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर जाणारे मूल वर्षातील चार-पाच महिने वर्गाबाहेर असते. त्याचे न वाचणे हे अक्षमतेचे लक्षण म्हणून एकदम धरता येत नाही. हजेरीपट याच कामासाठी अहवालाला जोडावा.

तपासणी करून घेताना

प्रथम डोळे व कान. ही पायरी क्षुल्लक समजून वगळली जाते आणि मग महिनोन् महिने वाया जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याचे वैद्यकीय पथक शासकीय व अनुदानित शाळांस वर्षातून एकदा भेट देते. ज्या मुलांविषयी शंका आहे त्यांची यादी मुख्याध्यापकांनी पथक येण्यापूर्वीच तयार ठेवावी. अध्ययनविषयक दोष या कार्यक्रमाच्या कक्षेत येतात, ही गोष्ट पुष्कळ शिक्षकांस ठाऊक नसते.

त्यानंतर गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक यांच्यामार्फत पुढील कार्यवाही व्हावी. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यापूर्वी अध्ययन अक्षमतेची तपासणी कोणत्या दिवशी होते व कसोटी घेणारे मानसशास्त्रज्ञ त्या दिवशी उपलब्ध आहेत काय, याची दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. रोजंदारी बुडवून आलेला बाप एकदा रिकाम्या हाताने परतला तर दुसऱ्यांदा येत नाही.

आता तल्लख मुलाच्या बाबतीत होणारी खास चूक पाहू. मॅलिन यांच्या कसोटीचे दोन भाग आहेत, शाब्दिक व कृतियुक्त. त्या दोहोंच्या सरासरीने एकूण बुद्ध्यंक निघतो. समजा, एखाद्या मुलाचा शाब्दिक अंक १२८ व कृतीचा ९२ आला. सरासरी ११० होते व अहवालावर ‘सर्वसाधारणाहून किंचित वर’ असे लिहिले जाते. हा ११० त्या मुलाच्या कोणत्याच बाजूचे वर्णन करीत नाही. १२८ मध्ये त्याची प्रतिभा आहे व ९२ मध्ये त्याची अडचण. म्हणून पालकांनी व शिक्षकांनी एकूण आकड्यावर न थांबता प्रत्येक उपकसोटीचे गुण अहवालात मागून घ्यावेत. माहिती, आकलन व साम्यभेद यांत वर गेलेली आणि अंकस्मरण व संकेतलेखन यांत खाली कोसळलेली रेघ पाहिली की अनुभवी तपासनिसास निराळे सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण निकषाची आहे. मुलाचे वाचन-लेखन त्याच्या इयत्तेपेक्षा दोन वर्षांनी मागे असेल तरच अध्ययन अक्षमता मानावयाची, असा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. चौथीतील ज्या मुलाची समज सातवीची आहे पण वाचन तिसरीचे, ते इयत्तेच्या मानाने एकच वर्ष मागे दिसते. स्वतःच्या बुद्धीच्या मानाने मात्र ते चार वर्षे मागे असते. पहिल्या मोजपट्टीने त्याला काही झालेले नाही. अशा वेळी केवळ आकड्यांची तक्रार करून उपयोग नाही. तपासनिसापुढे पुरावा ठेवावा लागतो आणि तो पुरावा शाळेतच असतो.

हा पुरावा कसा असावा ? ‘अभ्यासात मागे’ असा एका ओळीचा दाखला निरुपयोगी आहे. एकाच प्रश्नाचे मुलाने तोंडी दिलेले उत्तर शिक्षकाने उतरून घ्यावे व त्याखाली त्याने स्वतः लिहिलेले उत्तर जोडावे. तिसरी व चौथीच्या वह्यांची दोन-दोन पाने, त्याच इयत्तेचा एक उतारा वाचण्यास लागलेली मिनिटे, वर्गातील इतर तीन-चार मुलांना त्याच उताऱ्यास लागलेला वेळ, घरची भाषा, हजेरी आणि मूल ज्यात रमते त्या गोष्टींचा उल्लेख, एवढे दोन पानांत बसते. आईला काय आढळते, हेही लिहावे. मुलाची बुद्धी प्रथम तिनेच ओळखलेली असते. ‘माझं लेकरू येडं नाही’ असे ती सांगत आलेली असते व तिचे ऐकावयास कोणाला सवड नसते.

विशेष शिक्षण म्हणजे निराळी शाळा नव्हे

‘विशेष शिक्षण’ हा शब्द ऐकताच पालक घाबरतात. मुलाला मतिमंदांच्या शाळेत धाडणार, अशी त्यांची समजूत होते आणि ते तपासणीसच नकार देतात. अध्ययन अक्षम मुलाने आपल्या गावच्या शाळेत, आपल्या वर्गातच शिकावयाचे आहे, हे त्यांस पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. त्याला द्यावयाची जोड म्हणजे आठवड्यातून काही तास उपचारात्मक अध्यापन : ध्वनी सुटे करणे, अक्षर बोटाने गिरविणे, जोडाक्षर फोडून पुन्हा जोडणे, थोडेथोडे परंतु नेमाने.

तल्लख मुलाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. चौथीतील ज्या मुलाच्या मनात ग्रहगोलांचे प्रश्न आहेत, त्याला रोज ‘कमळ बघ, शरद बस’ एवढेच दिले तर ते कंटाळेल व वाचनाचाच तिटकारा करील. अडचणीवर उपचार चालू असताना त्याच्या बुद्धीची भूक कानाने भागवावी. मोठ्या मुलाने पुस्तक वाचून दाखवावे, शिक्षकाने त्याची उत्तरे तोंडी घ्यावीत, विज्ञानाच्या प्रयोगात त्याला पुढे उभे करावे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत घालण्याच्या त्यांच्या उपक्रमामुळे. संकेत टिपला की कविता कानावर पडते व पाठ डोळ्यांपुढे येतो. ही युक्ती सर्वच मुलांसाठी होती. पण वाचन अडणाऱ्या मुलाला तिचा किती उपयोग आहे, हे निराळे सांगावयास नको. आपल्याच जिल्ह्यात जन्मलेली ही सोय आपल्याच शाळांनी या कामी वापरावी.

परीक्षेतील सवलतींत वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, गणकयंत्राचा वापर आणि एखादी भाषा किंवा गणित यांऐवजी पर्यायी विषय अशा गोष्टी आल्या आहेत. तपशील वेळोवेळी बदलतो; त्या-त्या वर्षीचे मंडळाचे परिपत्रक पाहावे. यांपैकी पहिल्या सवलती बहुधा निरुपद्रवी आहेत. विषय बदलण्याची सवलत मात्र फार जपून घ्यावी. ज्या मुलाचे वाचन अडते पण गणित चांगले आहे, त्याला सोपे गणित घ्यावयास लावले तर अकरावी विज्ञान व पुढे अभियांत्रिकीचे दार आपण स्वतःच्या हाताने लावून घेतो. सवलत उणिवेच्या मापाने द्यावी. मिळते म्हणून सारी घेऊ नये. गुण वाढविण्याच्या भरात काही ठिकाणी असे घडते, हे खेदाने नमूद करावे लागते.

पंचायत सदस्य व शाळा व्यवस्थापन समिती

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. ही रक्कम बहुधा एकगठ्ठा वाटून संपविली जाते. गावातील एखाद्या मुलाच्या तपासणीचा प्रवासखर्च किंवा उपचारात्मक अध्यापनाचे साहित्य यांसाठी तीतून काही तरतूद करता येईल काय, याचा विचार विस्तार अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने ग्रामसभेत व्हावा. शाळा व्यवस्थापन समितीने जुलै महिन्याच्या बैठकीत मुख्याध्यापकांना दोनच प्रश्न विचारावेत : तिसरीच्या किती मुलांची चाचपणी झाली आणि किती मुले पुढे पाठविली ? पाठविलेल्या मुलांची नावे मात्र बैठकीत वाचू नयेत व इतिवृत्तातही लिहू नयेत. लहान गावात नाव कळले की टोपणनाव पडावयास वेळ लागत नाही.

वेळापत्रकाचीही एक गोष्ट आहे. प्रमाणपत्राची चौदाव्या वर्षीची फेरतपासणी बहुतेक मुलांच्या बाबतीत आठवी-नववीत येते आणि दहावीच्या सवलतीचे प्रस्ताव त्याच्याच मागोमाग मंडळाकडे जावयाचे असतात. वर्गशिक्षकांनी आठवीच्या पटावर अशा मुलांच्या नावापुढे जन्मतारीख व मागील प्रमाणपत्राचा दिनांक यांची खूण करून ठेवली, तर दहावीच्या ऐन दिवाळीत कागदांसाठी धावाधाव करावी लागणार नाही.